ईगर म्हणजे नुसतं उत्सुक नाही

"आय अ‍ॅम व्हेरी अँक्शस टू स्टडी इन युवर एस्टीम्ड कॉलेज." हे वाक्य दिवाळीनंतर एका संध्याकाळी माझ्या टेबलावर आलं आणि तेव्हापासून डोक्यातून जातच नाहीये, म्हणून आज लिहायला बसलेय.

मी बडोद्यात दांडिया बाजारात राहते आणि घरीच इंग्रजीच्या शिकवण्या घेते. आधी शाळेतली मुलं यायची, आता कित्येक वर्षं झाली, येतात ती जवळजवळ सगळी आयेल्ट्सवाली, म्हणजे परदेशी जायला लागणारी इंग्रजीची परीक्षा देणारी, कोणाला कॅनडा, कोणाला ऑस्ट्रेलिया, हल्ली जर्मनीही खूप चाललंय. अर्धी गुजराती, अर्धी आपली, पण आपली मुलंही एकमेकांत गुजरातीच बोलतात आणि माझ्याशी मराठी, आणि पेपरात इंग्रजी लिहायचं म्हटलं की आधी गुजरातीत विचार, मग मराठीत, मग इंग्रजीत, असं तीन घाट उतरून वाक्य खाली येतं. ज्याचं हे वाक्य तो मुलगा आमच्याच वाड्यातला, समोरच्या जिन्यावर राहतो, लहानपणापासून बघितलेला. कॉलेजला पाठवायचा एसओपी, म्हणजे तिथे का शिकायचंय ते सांगणारं टिपण, लिहून आणला होता, दोन पानं.

मी विचारलं, अरे तुला कसली एवढी काळजी लागलीये? तर म्हणाला, काळजी कुठे मॅडम, मला जायचंय ना, ते लिहिलंय, अँक्शस म्हणजे आतुर, मी बघून लिहिलंय.

आणि त्याचं चूक नव्हतं. अँक्शस टू म्हणजे एखादी गोष्ट करायला आतुर हा अर्थ इंग्रजीत आहे, चांगला जुना आहे, कोशात असतो. पण माझं पेन त्या शब्दावर अडलं आणि मी तो खोडून वर ईगर लिहिलं, आणि त्याने विचारलं की दोघांत फरक काय, मराठीत तर दोन्ही आतुरच. तेव्हा मी जे उत्तर दिलं ते पाच मिनिटांत गुंडाळलं होतं, पुढचा बॅच दारात उभा होता. खरं उत्तर हे आहे.

आधी आपला आतुर घ्या. लग्नपत्रिकेत असतो, आम्ही आपल्या आगमनासाठी आतुर आहोत, किती गोड वाटतो. पण संस्कृतात आतुर म्हणजे आजारी. आयुर्वेदात रोग्याला आतुरच म्हणतात, आणि दवाखान्याला आतुरालय असाही एक संस्कृत शब्द आहे. माणूस अगदी शेवटच्या घटकेला असताना घाईघाईने संन्यास घेतो त्याला आतुरसंन्यास म्हणतात, तो काही संन्यास घ्यायला उत्सुक असतो म्हणून नाही, वेळ उरलेला नसतो म्हणून. चिंतातुर म्हणजे चिंतेने आजारी पडलेला, क्षुधातुर म्हणजे भुकेने कासावीस. ते सुभाषित आठवा, कामातुराणां न भयं न लज्जा, म्हणजे ज्याला वासनेने पछाडलंय त्याला ना भीती ना लाज. इथे आतुर म्हणजे पछाडलेला. म्हणजे आपण ज्या शब्दाने पाहुण्यांना बोलावतो त्याच्या पोटात एक दुखणं आहे, इच्छा इतकी वाढली की अंगावर आली, ताप आल्यासारखी. मराठीने त्यातलं दुखणं हळूहळू काढून टाकलं आणि ओढ तेवढी ठेवली, तरी पूर्ण गेलं नाही, मला तरी 'वाट बघून आतुर झाले' म्हणताना छातीत काहीतरी होतं.

अँक्शसचं पण तसंच आहे. लॅटिनमध्ये ह्याचं मूळ गळा आवळणं. इंग्रजीतला अँग्विश त्याच घरातला, जर्मन लोकांचा आंग्स्ट पण तिथलाच, आपल्या वेदातला अंहस् म्हणजे संकट, तोही ह्यांचा लांबचा भाऊ. तर अँक्शस म्हणजे ज्याचा गळा दाटलाय, श्वास कोंडलाय. म्हणून अँक्शस टू स्टडी लिहिलं की वाचणाऱ्याला हा मुलगा शिकायला निघालाय हे कळतं, पण त्याचबरोबर त्याच्या तळहाताला घाम आलाय हेही कळतं. आई रात्री अकरा वाजता खिडकीत उभी राहून म्हणते ना, घरी पोचल्याचा फोन कर, ती अँक्शस. तिला मुलगा घरी यायला हवाय आणि नाही आला तर काय ही भीती पण आहे, दोन्ही एकत्र, वेगळं काढता येत नाही.

ईगरमध्ये ही भीती नाही. ईगरमध्ये काय आहे ते ऐकून मी स्वतः कॉलेजात असताना थक्क झाले होते. ईगरमध्ये आंबट आहे!

हो, आंबट. लॅटिनमध्ये आकेर म्हणजे तीक्ष्ण, धारदार, जिभेला झोंबणारं. त्याचं फ्रेंचमध्ये एग्र झालं, आणि फ्रेंचमध्ये आजही एग्र म्हणजे आंबट. व्हिनेगर शब्द बघा, व्हिन म्हणजे वाईन आणि एग्र म्हणजे आंबट, आंबलेली वाईन. आपण चायनीजच्या गाडीवर मिरच्या घातलेली जी व्हिनेगरची बाटली बघतो तिच्या नावाचा शेपटाचा भाग आणि ईगर हे सख्खे भाऊ आहेत. हा शब्द इंग्रजीत आला तेव्हा आधी तो तीक्ष्ण, झोंबणारा, तिखट स्वभावाचा अशा अर्थांनी फिरत होता. शेक्सपिअरच्या हॅम्लेटमध्ये, म्हणजे १६०० च्या आसपास, पहिल्याच अंकात कडाक्याच्या थंडीतली हवा 'ईगर' आहे, म्हणजे बोचरी. आणि त्याच अंकात जरा पुढे भूत आपल्याला विष कसं घातलं ते सांगतं, की दुधात 'ईगर' थेंब पडावेत तसं माझं रक्त साकळलं. ईगर थेंब म्हणजे आंबट थेंब. आपल्याकडे पनीर करताना उकळत्या दुधात लिंबू पिळलं की एका क्षणात दूध फाटतं, पाणी हिरवट होतं आणि वर गुठळ्या, अगदी ते.

त्या दिवसापासून मला ईगर शब्द दिसला की लिंबाचे थेंब दिसतात. इच्छेला धार आली म्हणजे ईगर, अशी माझ्या मनाने गाठ बांधलीये. नुसतं हवंय असं वाटणं वेगळं, ते मऊ असतं. ईगर माणूस पुढे झुकलेला असतो, त्याच्या टाचा उचललेल्या असतात.

हे टाचांचं मी डोळ्यांनी बघितलंय म्हणून सांगते. बडोद्यातली उत्तरायण, म्हणजे पतंगांची संक्रांत, ज्यांनी बघितली नाही त्यांना हे कसं सांगू, पण १४ जानेवारीला इथे घरात कोणी नसतं, सगळं गाव अगाशीवर असतं, आणि १५ ला वासी उत्तरायण, तेव्हा पण. आमच्या वाड्यात ह्याच मुलाचा एक चुलतभाऊ आहे, नऊ वर्षांचा. गेल्या वर्षी मी साडेपाचला दूध घ्यायला दार उघडलं तर समोरच्या अगाशीवर हा एकटा, माकडटोपी घालून, अजून अंधारच होता. किन्ना, म्हणजे पतंगाच्या कण्ण्या, आदल्या रात्रीच बांधून झालेल्या, फिरकी पायाशी ठेवलेली, पतंग दोन्ही हातांत धरून उभा. वारा अजिबात नव्हता, समोरच्या पिंपळाचं पान हलत नव्हतं. तरी दर दोन मिनिटांनी त्याला वाटायचं की आला, आणि तो टाचा उचलून पतंग डोक्याच्या वर न्यायचा, थांबायचा, मग हळूच खाली घ्यायचा. परत वर. मी दूध तापवून चहा करून परत बाहेर आले तरी तेच. त्याला वारा येणार नाही अशी भीती नव्हती, वारा येणार हे त्याला पक्कं माहीत होतं, फक्त आत्ता यावा एवढंच. तो ईगर. मी वर्गात आता ईगर शिकवताना हाच मुलगा सांगते आणि मुलांना लगेच कळतं, कोशातल्या अर्थाने कळत नाही तेवढं.

आता वापरायचं कसं ते पण लिहिते कारण इथेच मार्क जातात. ईगरच्या पुढे क्रियापद असेल तर टू, आणि टूच्या पुढे क्रियापदाचं साधं रूप, ईगर टू लर्न, ईगर टू मीट. नाम असेल तर फॉर, ईगर फॉर न्यूज, ईगर फॉर अ चेंज. ईगर ऑफ नाही, आणि ईगर टू लर्निंग तर नाहीच. हे लर्निंगवालं मुलं कुठून आणतात मला माहितीये, लुक फॉरवर्ड टू मधून, तिकडे टू नंतर इंग लागतं, लुकिंग फॉरवर्ड टू मीटिंग यू, आणि मेलच्या शेवटी ते इतक्यांदा लिहिलं जातं की सवय इथेही येऊन बसते. दुसरं म्हणजे व्हेरी मच ईगर. हे आपलं खास आहे, 'खूप जास्त उत्सुक'चं भाषांतर. व्हेरी ईगर पुरे, आणि माझं विचाराल तर व्हेरी पण नको, आंबट शब्दाला अजून आंबट करायची गरज नसते. आणि कौतुकाच्या जागी ईगर बीव्हर लिहू नका, ते अमेरिकन आहे आणि त्यात टोमणा असतो, साहेबाच्या पुढे पुढे करणारा, न सांगता जास्तीचं काम ओढून घेणारा अशातला.

ह्या शब्दाची एक जोडी भाषाशास्त्रात गाजलेली आहे. नोम चॉम्स्कींनी १९६० च्या दशकात ती वापरली, जॉन इज ईगर टू प्लीज आणि जॉन इज ईझी टू प्लीज. दिसायला दोन्ही वाक्यं सारखी, एकच शब्द बदलला, पण पहिल्यात जॉन दुसऱ्याला खूश करणार आणि दुसऱ्यात दुसरा कोणीतरी जॉनला खूश करणार. मी प्रत्येक बॅचला हे फळ्यावर लिहून मराठीत सांगायला लावते. ईझीचं पटकन येतं, जॉनला खूश करणं सोपं आहे. ईगरचं करताना वर्गात पाच-सहा वेगवेगळी मराठी वाक्यं निघतात, जॉनला दुसऱ्याला खूश करायची हौस आहे, जॉन दुसऱ्याला खूश करायला आसुसलाय, उतावीळ आहे, धडपडतो, जीव टाकतो. मला हा वर्गातला सगळ्यात आवडता तास, कारण मुलांना तिथे पहिल्यांदा कळतं की आपल्याकडे किती शब्द आहेत आणि प्रत्येकाचा रंग वेगळा. उत्सुक जरा सभ्य, पत्रातला, पांढरा शर्ट घातलेला. अधीर म्हणजे धीर सुटलेला. उतावीळ म्हटलं की लगेच गुडघ्याला बाशिंग. आसुसलेला, ह्यात तहान आहे. हपापलेला आणि वखवखलेला, ह्यात नजर वाईट आहे, ताटावरची नजर. आणि मग हावरा, तिथे ईगर संपतं आणि ग्रीडी सुरू होतं.

हौसेवर मात्र थांबायलाच हवं. हौस अरबी-फारसीतल्या हवस वरून आली. तोच शब्द हिंदीत, गुजरातीत हवस म्हणून गेला आणि तिथे त्याचा अर्थ वासना झाला, वर्तमानपत्रात गुन्ह्यांच्या बातम्यांत असतो. आणि आपल्याकडे तोच शब्द इतका निर्मळ झाला की आपण म्हणतो हौसेला मोल नाही, लेकीची हौस केली, हौशी नाटक मंडळी. इथे बडोद्यात शेजारच्या गुजराती बायका होंशे होंशे म्हणतात, होंशे होंशे गरब्याला गेलो, होंशे होंशे केलं, ते होंश पण हेच. एकच शब्द एका घरी बिघडला आणि दुसऱ्या घरी सुधारला, म्हणून मी मुलांना म्हणते की मुळावरून अर्थ ठरवू नका, मूळ फक्त माहीत असावं, आजचा माणूस काय ऐकतो ते बघा.

माझे वडील टायपिस्ट होते. न्यायमंदिरात तेव्हा कोर्ट भरायचं, तिथून जवळच एका दुकानाच्या पायरीवर त्यांचं टेबल आणि टाइपरायटर, खरेदीखतं, भाडेकरार, अर्ज टाइप करून द्यायचे. शाळा सुटली की मी तिथे जाऊन बसायचे. त्यांच्या कागदांत डिझायरस ऑफ असायचं, व्हेअरअ‍ॅज द व्हेंडर इज डिझायरस ऑफ सेलिंग, म्हणजे विकणारा विकू इच्छितो. हा इच्छेचा सगळ्यात कोरडा शब्द, कागदावरचा, ह्यात विकणाऱ्याला आनंद होतोय का त्याचं पोट जळतंय म्हणून विकतोय काही कळत नाही, आणि कायद्याला तेच हवं असतं. एकदा एक म्हातारे गृहस्थ आले होते, वाड्यातला आपला हिस्सा भावाला लिहून देत होते. बाबांनी टाइप केलेलं त्यांना मराठीत वाचून दाखवलं, की आपण विकू इच्छिता असं लिहिलंय. ते म्हणाले, इच्छित कुठे आहे मी, पण लिहा. बाबांनी थोडा वेळ बोटं कळांवर तशीच ठेवली आणि मग पुढची ओळ टाइप केली. मी आठवी-नववीत असेन, मला तेव्हा काही समजलं नाही, पण डिझायरस शब्द कुठेही दिसला की मला ते इच्छित कुठे आहे मी ऐकू येतं. आता मुलं मला मेल दाखवतात त्यात पण आय अ‍ॅम डिझायरस ऑफ जॉइनिंग असतं, कुठल्या तरी जुन्या नमुन्यातून उतरवलेलं. मी काढायला लावते.

विलिंग पण वेगळा. विलिंग म्हणजे राजी, तयार. सांगितलं तर करीन. रात्रपाळी करायला विलिंग असतो माणूस, ईगर सहसा नसतो. कीन म्हणजे ब्रिटिशांचा लाडका, जुन्या इंग्रजीत शूर, शहाणा, मग धारदार, आज कीन ऑन क्रिकेट म्हणजे क्रिकेटचा नाद असलेला, हा रोजचा, कायमचा रस. ईगर बहुतेक त्या वेळेपुरता असतो, पुढे काहीतरी येतंय आणि त्याच्याकडे तोंड करून उभा. कीनला पुढे काही यावंच लागत नाही.

बडोदा संस्थानने १९३१ साली राज्यकारभारातल्या शब्दांचा कोश काढला होता, श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु, एका इंग्रजी शब्दासमोर गुजराती, मराठी, संस्कृत, हिंदी, फारसी असे अनेक भाषांतले शब्द मांडलेले. सयाजीराव महाराजांच्या ह्या गावात शब्दासमोर शब्द ठेवायचं काम किती गंभीरपणे झालंय, ह्याचा मला फार अभिमान आहे. पण कारभारातल्या शब्दांचं ठीक, अर्जदार म्हणजे अर्जदार. इच्छेच्या शब्दांना असा एकासमोर एक ठेवून भागत नाही. तिथे माणूस बघावा लागतो.

आणि हे मला त्या मुलानेच शिकवलं, म्हणून त्याच्याकडे परत येते. अँक्शस खोडून मी ईगर लिहून दिलं, त्याने तसंच टाइप केलं, कॉलेजचं पत्र आलं, व्हिसा पण आला. जानेवारीचा इंटेक, म्हणजे प्रवेश जानेवारीत, डिसेंबरच्या शेवटी निघायचं. मी म्हटलं, वा, झालं की मनासारखं. तो पायरीवर बसून बुटाची नाडी बांधत होता, मान वर न करता म्हणाला, मॅडम, सप्टेंबरचा मिळाला असता तर बरं झालं असतं, उत्तरायण करून गेलो असतो, ह्या वर्षी दोरी मी लाल नाही काळी रंगवणार होतो.

मी काही बोलले नाही. घरात येऊन त्याचा एसओपी परत उघडला, माझ्याकडे कॉपी होती. आय अ‍ॅम ईगर टू स्टडी. व्याकरण बरोबर, शब्द चांगला, आणि खोटा. तो विलिंग होता फार तर. त्याच्या बाबांनी गेल्या वर्षी मामाकडून पैसे उचललेत, बहिणीचं लग्न व्हायचंय, मोठा म्हणून ह्याने जायचं, आणि तो तयार आहे, मनापासून तयार आहे, त्यात काही वाईट नाही. पण ज्याच्या टाचा उचलतात तो हा नाही. आणि त्याने पहिल्यांदा स्वतःच्या हाताने लिहिलेलं अँक्शस, जे मी खोडलं, तेच त्याच्या मनातलं होतं. जायचंय पण, गळा पण दाटतोय. त्याने कोशात बघून लिहिलं होतं, पण नेमकं लागलं होतं.

कॉलेजला अँक्शस पाठवून चाललं नसतं, हे मला आजही वाटतं, तिकडचा वाचणारा हा मुलगा घाबरलाय एवढंच वाचेल. म्हणून खोडल्याचं वाईट वाटत नाही. वाईट ह्याचं वाटतं की मी त्याला तेव्हा थांबवून विचारलं नाही. काळजी कसली म्हणून विचारलं, आणि तो काळजी नाही म्हणाला, आणि मी ते मानलं. आता नवीन बॅचला मी आधी मराठीत सांगायला लावते, तुला जायचंय म्हणजे कसं जायचंय, हौस आहे, ओढ आहे, घरचे म्हणतात म्हणून, का इथे राहवत नाही म्हणून. वेळ जातो ह्यात, सिलॅबस मागे पडतो, दोन पालकांनी विचारलं पण, की मॅडम इंग्रजीच्या क्लासात मराठी का बोलतात. पण त्यानंतर मुलं जो शब्द शोधून आणतात तो बरोबर असतो. परवा एका मुलीने ईगर, कीन सगळं बाजूला ठेवून सरळ लिहिलं की मी तीन वर्षं काकांच्या पंपाच्या वर्कशॉपमध्ये रविवारी जाते आणि बंद पडलेला पंप उघडून बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. मी त्यात एक अक्षर बदललं नाही.

रस्त्याच्या कडेला दोरी रंगवायला सुरुवात झालीये, लाकडाची मोठमोठी चाकं लागलीत, सगळीकडे गुलाबी बोटं. समोरचा नऊ वर्षांचा, आता दहाचा, शाळेतून येता-जाता तिथे उभा असतो. मोठा भाऊ २८ ला निघतोय. काल त्याची आई आली होती, तिने तिळाची चिक्की आणि लाडू महिनाभर आधीच करायला घेतलेत, हाताला गुळाचा वास येत होता, आणि विचारत होती, ताई, बॅगेत किती किलो चालतं हो. तेवीस म्हटलं. तिने बोटांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाली, मग पतंग दोनच बसतील, ते पण दुमडून.